चार मागांची भिंत

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ घरी आला. चहा झाला, मुलांच्या परीक्षांची चौकशी झाली आणि मग जरा घुटमळत म्हणाला, "आपा, तुमचं पॅन कार्ड लागेल. एक छोटी फर्म तुमच्या नावाने काढू म्हणतो."

मालेगावात त्याचे चोवीस लूम आहेत. कोरं कापड विणतो आणि इथल्याच व्यापाऱ्याला देतो. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की धंदा तीन नावांवर विभागला तर कुठलंच नाव त्या रेषेपलीकडे जात नाही. एक नाव त्याचं, दुसरं भावजयीचं आणि तिसरं माझं.

मी शिक्षिका आहे. नोकरीच्या नियमांनुसार मला धंदा करता येत नाही, हे कारण सांगून मी मोकळी झाले असते. पण तो गेल्यावर आमच्या कारखान्यातली एक भिंत आठवत राहिली. त्याला काय उत्तर द्यायचं याचा विचार त्या भिंतीपासूनच सुरू झाला. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

आमच्या कारखान्याच्या आत दोन आडव्या भिंती आहेत, अर्ध्या विटेच्या. दोन्हींना दरवाज्याएवढी जागा सोडली आहे, पण दार कधी बसवलेलं नाही. लहानपणी अब्बांचा डबा घेऊन जायचे तेव्हा या भिंतींचा अर्थ कळायचा नाही. छत एक, मालक एक, मग मध्ये भिंत कशाला? अब्बा म्हणायचे, "तुझ्या दादांनी बांधली, सरकारसाठी." तेव्हा मला ते उत्तर विनोदी वाटायचं. पुढे इतिहास वाचला तेव्हा समजलं की अब्बा अगदी खरं सांगत होते.

मालेगावचं विणकाम जुनं. १७४० मध्ये नारोशंकर राजेबहादूरांनी मोसम नदीच्या काठी भुईकोट किल्ला बांधायला घेतला. त्या कामासाठी सुरतेकडून आणि उत्तरेकडून कारागीर आले आणि त्यातले बरेच इथेच राहिले. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढे १८६२ च्या दुष्काळात बनारसकडचे मोमीन विणकर हातमाग घेऊन दक्षिणेकडे निघाले. कुणी भिवंडीत थांबलं, कुणी धुळ्याला, कुणी मालेगावात. आमचं घराणं त्यातलंच. घरात आजही पूरबी वळणाचे शब्द सापडतात.

विजेवरचे माग महाराष्ट्रात आधी इचलकरंजीत आले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि संस्थानिक नारायणराव घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिलं. मालेगावात तीसच्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. मुंबईच्या गिरण्या जुने माग भंगारात काढायच्या. ते माग इथे येऊन दुरुस्त व्हायचे आणि पुन्हा खडखडू लागायचे. आमच्या दादांनी असेच माग घेतले. हातमाग मोडून पहिले दोन, मग चार, मग बारा.

बारा माग झाले आणि तिथून भिंतीची गोष्ट सुरू होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारसमोरचा प्रश्न खरोखर अवघड होता. एका बाजूला मोठ्या कापड गिरण्या, दुसऱ्या बाजूला लाखो हातमाग विणकर. गिरणीला मोकळं सोडलं तर विणकर उपाशी मरेल, ही भीती खोटी नव्हती. म्हणून १९५० मध्ये धोतर, रंगीत साडी असे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले गेले. १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर जादा कर बसला आणि तो पैसा खादी व हातमागाला द्यायचं ठरलं. पुढे काय करावं यावर दोन समित्यांची मतं वेगळी पडली. नित्यानंद कानुनगो यांच्या समितीने १९५४ मध्ये सुचवलं की हातमागाचं हळूहळू यंत्रमागात रूपांतर करावं. १९५५ मध्ये आपले मराठी अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने रोजगाराचा विचार पुढे ठेवला. गिरण्यांची वाढ थांबवावी, वाढती गरज हातमागाने भागवावी, असा त्यांचा कल होता. १९५६ मध्ये गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली गेली.

हातमागाला वाचवण्यासाठी गिरणीचे हात बांधले, पण या दोघांच्या मध्ये यंत्रमाग उभा होता. तो गिरणीइतका मोठा नव्हता म्हणून सुटला आणि हातमागापेक्षा कितीतरी वेगवान होता म्हणून फोफावला. परवाना नसलेले माग इतके वाढले की १९६४ मध्ये अशोक मेहता समितीला त्यावर स्वतंत्र अहवाल द्यावा लागला.

यात उत्पादन शुल्काचा नियम निर्णायक ठरला. यंत्रमागावरचं शुल्क कापडाच्या मीटरवर नव्हे, मागांच्या संख्येवर ठरायचं. चार मागांपर्यंत माफी आणि संख्या वाढेल तसा दर चढा. लहान माणसाला सांभाळायचं, हा हेतू चांगलाच होता. याच काळात १९४८ चा कारखाना कायदाही होता. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की तो लागू व्हायचा. म्हणजे कामाचे तास, रजा, सुरक्षितता, सगळ्याची नोंद आली.

आता दादांच्या जागी उभं राहून पाहा. बारा माग एका नावावर ठेवले तर शुल्क भरा, कारखाना कायदा पाळा, इन्स्पेक्टरला तोंड द्या. तेच बारा माग चार-चार करून तीन नावांवर ठेवले तर यातलं काहीच नाही. दादांनी दोन भिंती बांधल्या. पहिले चार माग स्वतःच्या नावावर, दुसरे चार बडे अब्बांच्या, तिसरे चार दादीच्या. दादी कागदोपत्री कारखानदारीण झाली. तिने त्या कारखान्यात पाऊल टाकल्याचं कुणाला आठवत नाही आणि त्या चार मागांच्या कमाईतला एक पैसा तिच्या हाती स्वतंत्रपणे आला नाही. बडे अब्बांच्या जागी पुढे अम्मीचं नाव लागलं. वाढलेल्या मागांना आणखी नावं मिळाली. आता माझा नंबर आला होता.

हे फक्त आमच्या घरात घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. भिवंडीपासून इचलकरंजीपर्यंत कुठल्याही यंत्रमागाच्या गावात जा, एका छताखाली तीन-चार फर्मच्या पाट्या दिसतील. लोक याला अप्रामाणिकपणा म्हणतात. मला वाटतं, आधी नियमाकडे पाहायला हवं. सरकारने सांगितलं, लहान राहाल तर वाचाल. माणसं लहान राहिली. जिथे मोठं होण्याला दंड आणि लहान दिसण्याला बक्षीस असतं, तिथे हिशेबी माणूस मोठा होऊन लहान दिसण्याचा मार्ग शोधतो.

एक भिंत बांधून हे थांबलं नाही. भिंतीमागोमाग सवयी आल्या.

पहिली सवय हिशेबाची. तीन नावांचा एक धंदा खरा लिहायचा म्हटला तर तो कुठल्याच वहीत बसत नाही. म्हणून लिहायचंच नाही. अब्बांच्या खिशात एक छोटी डायरी असायची, उर्दूत, पेन्सिलीने लिहिलेली. सुताची उधारी, कारागिरांची उचल, व्यापाऱ्याकडून येणं, सगळं तिच्यात. वर्ष संपलं की डायरी फाडून टाकायचे. नफा किती झाला विचारलं तर म्हणायचे, "घर चाललं ना? मग नफा झाला."

दुसरी सवय सुताची. हातमागासाठी लागणारं लडीचं सूत करातून सुटलेलं, म्हणून स्वस्त. गिरण्यांना ते ठरावीक प्रमाणात काढणं बंधनकारक होतं. हातमाग कमी होत गेले तरी लडी निघतच राहिल्या आणि त्यातलं कितीतरी सूत यंत्रमागाकडे वळलं. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहजिकच ती खरेदी बिलाविना चालायची.

तिसरी सवय सगळ्यात वाईट, ती कारागिरांबाबतची. चार मागांच्या कारखान्यात दहा कामगार होतच नाहीत. म्हणून हजेरी नाही, फंड नाही, रजा नाही. मजुरी मीटरवर आणि पाळी बारा तासांची. शुक्रवारी बंद, तोही बिनपगारी. अडीनडीला मालक उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कारागीर दुसरीकडे जाऊ शकत नाही. आमच्याकडे वीस वर्षं काम केलेले एक चाचा होते. सुताच्या धुळीने छाती भरली आणि काम सुटलं. अब्बांनी औषधाला पैसे दिले, ईदला कपडे दिले. दयाळू होते अब्बा. पण चाचांनी आमच्याकडे काम केलं याचा एकही कागद नव्हता. दया मालकाच्या मनावर असते. हक्क कागदावर लागतो आणि तो कागद त्या भिंतीने होऊच दिला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाजारातली कापडाची गरज काही थांबली नाही. गिरणीमालकांनी आणि व्यापाऱ्यांनी भिवंडी, मालेगावसारख्या ठिकाणी कापड विणून घेतलं. त्या वर्षांत आमच्या मागांना उसंत नव्हती. घराचा वरचा मजला तेव्हाच चढला. गिरणगावातल्या चुली विझत होत्या आणि आमच्याकडे पाळ्या वाढत होत्या. मराठी शिकवताना कामगारांवरचा एखादा धडा आला की मला तो वरचा मजला आठवतो.

त्यानंतर कायदा बदलत गेला. १९८५ च्या वस्त्र धोरणाने यंत्रमागांची नोंदणी सक्तीची केली. त्याच वर्षी हातमागासाठी बावीस प्रकार राखून ठेवणारा कायदा झाला, पुढे ते अकरावर आले. १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारण्यासाठी केंद्राची योजना आली. नवीन माग घ्या, बँकेच्या कर्जावरच्या व्याजातला पाच टक्क्यांचा भार सरकार उचलेल. सुरतेने आणि इतर ठिकाणच्या मोठ्या कारखान्यांनी बिनधोट्याचे वेगवान माग आणले. आम्ही मात्र नाही घेऊ शकलो. अब्बा बँकेत गेले होते. साहेबांनी तीन वर्षांचा ताळेबंद मागितला. अब्बांकडे फाडलेल्या डायऱ्या होत्या. त्या दिवशी ते घरी येऊन गप्प बसून राहिले. ज्या युक्तीने दादांनी धंदा वाचवला होता, तिनेच अब्बांची वाट अडवली होती.

२००३ मध्ये यंत्रमागाचं कापड उत्पादन शुल्काच्या साखळीत आणलं गेलं, गावोगावी माग बंद पडले, आंदोलनं झाली, आणि २००४ मध्ये बऱ्याच कापडासाठी ते ऐच्छिक झालं. २०१७ मध्ये जीएसटी आला, कापडावर पाच टक्के. नोंदणीची मर्यादा वीस लाखांची होती, वस्तू विकणाऱ्यांसाठी ती २०१९ मध्ये चाळीस लाख झाली. मागांची संख्या आता कुणी मोजत नाही. पण रेष आहेच आणि भावाने नेमकं तेच केलं जे दादांनी केलं होतं. भिंत विटांची राहिली नाही एवढंच. ती आता पॅन कार्डांची झाली आहे.

मग सरकारने करावं तरी काय? धंद्यात अजिबात पडू नये? व्यापाऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य नेहमी ऐकू येतं. पण जे बोलतात तेच वीजदरात सवलत मागायलाही जातात. माझं उत्तर मला एका जुन्या पुस्तकात सापडलं.

इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्युनिसमध्ये जन्मले. दरबारात नोकऱ्या केल्या, तुरुंगवास भोगला, पुढे कैरोत काझी झाले. १३७७ मध्ये त्यांनी 'मुकद्दिमा' लिहिला. राज्यकर्त्याने स्वतः व्यापार करू नये, असं त्यात ते बजावतात. राजाकडे इतरांपेक्षा कितीतरी जास्त पैसा आणि वर सत्ता. तो बाजारात उतरला की त्याच्यासमोर कुणी टिकत नाही, लोक धंदा सोडतात आणि शेवटी राजाचाच महसूल आटतो. आपल्याकडे १९७४ मध्ये सरकारने १०३ आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या. कामगारांच्या नोकऱ्या वाचाव्यात हा हेतू होता, पण तोटा वर्षानुवर्षं वाढतच गेला आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. इब्न खल्दूनना त्याचं आश्चर्य वाटलं नसतं.

पण तेच इब्न खल्दून बाजाराला वाऱ्यावर सोडा असं म्हणत नाहीत. ते मुहतसिबबद्दल लिहितात. मुहतसिब म्हणजे बाजारावर देखरेख करणारा अधिकारी. त्याने काय पाहायचं? वजनमापं खरी आहेत का. रस्ता कुणी अडवला आहे का. हमालाच्या पाठीवर आणि नावेत जास्त ओझं टाकलं आहे का. पडायला आलेलं घर लोकांच्या अंगावर कोसळणार तर नाही ना. मदरशातला शिक्षक मुलांना बेदम मारत तर नाही ना. हे शेवटचं वाचताना मी वर्गातली छडी कपाटात ठेवून दिली, ती अजून तिथेच आहे.

या यादीत एक गोष्ट नाही. दुकान किती मोठं आहे, हे मुहतसिब मोजत नाही. तो वागणूक मोजतो. लहान दुकानदाराने मापात मारलं तरी तो गुन्हा आणि मोठ्याने खरं माप दिलं तर त्याला दंड नाही. आपल्या कापड धोरणाने बरोबर उलटं केलं. मागांची संख्या मोजली, कामगारांची संख्या मोजली, पण हमालाच्या पाठीवरचं ओझं पाहिलं नाही. बारा मागांच्या कारागिराची छाती आणि चार मागांच्या कारागिराची छाती सारखीच असते. संरक्षण संख्येवर ठेवलं की माणसं संख्या लपवतात आणि संरक्षण ज्याला हवं तोच उघडा पडतो.

सरकारचं खरं काम कुठे आहे, ते मालेगावातला कुठलाही लहान कारखानदार सांगेल. वीज सतत आणि ठरल्या दाराने मिळावी. रस्ते, गटारं, आग विझवण्याची सोय असावी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे केलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळावेत. व्यापारी कापड उचलतो आणि तीन-तीन महिने पैसे देत नाही. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचं देणं फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकवणं बंधनकारक केलं आहे. २०२४ पासून आयकरातही त्याची तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. हे मुहतसिबचं काम आहे, मापात मारणाऱ्याचा हात धरणं. पण या कायद्याचा आधार घ्यायचा तर उद्योगाची नोंदणी हवी, बिल हवं, तारीख हवी. ज्याने स्वतःला तीन तुकड्यांत लपवलं आहे, तो कुठल्या तोंडाने म्हणणार की माझे पैसे अडकले?

म्हणून सगळा दोष सरकारवर टाकून मी हात झटकणार नाही. चार मागांचा नियम कधीच इतिहासजमा झाला. सवय आपण ठेवली. आम्ही दर रमजानमध्ये पूर्ण कुरआन ऐकतो. त्यातली सगळ्यात लांब आयत कुठली, हे मी वर्गात विचारलं तर मुलं नमाजाचं नाव घेतात, रोज्याचं घेतात. ती आयत सूरह बकराची, २८२ वी. देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, हे त्यात आहे. वहीबद्दलची इतकी लांब आयत पाठ असलेल्या समाजात डायऱ्या फाडल्या जातात, ही गोष्ट मला खटकते. अब्बा असते तर त्यांच्याशी यावर भांडले असते.

भावाला मी परवा बोलावलं. नाव देणार नाही, हे आधीच सांगितलं. मग दोघांनी बसून गेल्या सहा महिन्यांचा खरा हिशेब मांडला. सूत, मजुरी, वीज, उचल, येणं. तीन तास लागले. एका व्यापाऱ्याकडे त्याचे चार महिन्यांपासूनचे पैसे अडकले होते, त्याचा एकूण आकडा त्यालाही त्या दिवशीच कळला. नोंदणी करून पाच टक्के लावले तर सुतावर भरलेला कर वजा मिळतो आणि खरा बोजा त्याने धरला होता त्यापेक्षा कमी पडतो, हेही निघालं. तरी त्याला भीती आहे. "आपा, एकदा दिसलो की सगळेच येतील मागायला," तो म्हणाला. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणू शकले नाही. दिसणाऱ्या माणसाला त्रास द्यायचा आणि लपलेल्याला सोडायचं, ही सवय कचेऱ्यांनाही लागलेली आहे. ती त्यांनी सोडायची आहे.

पण त्याने नवी वही घेतली आहे. हजेरीपट सुरू केला आहे, अठरा कारागिरांचा, सगळे एकाच यादीत. कारखान्यातल्या दोन्ही भिंती अजून उभ्या आहेत. एक पाडायला ईदनंतर गवंडी येणार आहे.